वाळवंटातल्या तलावावर बोटिंगला जायचंय? आधी पातळी बघा, फोटो नंतर

आमच्या सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला फिरणाऱ्या ग्रुपात निम्म्या लोकांची मुलं अमेरिकेत आहेत, आणि त्यातली बरीच त्या ॲरिझोना-नेवाडाच्या भाजून काढणाऱ्या पट्ट्यात. त्यामुळे दरवर्षी मार्च आला की कुणीतरी विचारतंच, अरे तिकडे वाळवंटात म्हणे मोठमोठे तलाव आहेत, बोट भाड्याने मिळते, कुठला बरा? मी दोनदा जाऊन आलोय, एकदा फजिती करून आणि एकदा अभ्यास करून, आणि दर वेळी तेच तेच तोंडी सांगायचा कंटाळा आला म्हणून हे एकदाचं लिहून टाकतोय. ज्यांना अमेरिका नको त्यांच्यासाठी राजस्थानचंही पुढे लिहिलंय.

फजितीचं आधी सांगतो. जून महिना, शनिवार, जावयाने इन्स्टावर एक झकास फोटो बघून तलाव ठरवलेला, निळंशार पाणी आणि मागे लाल डोंगर. आम्ही नाशिकच्या सवयीने आरामात नाष्टा वगैरे करून निघालो ते साडेअकराला पोचलो. पार्किंगमधे उतरलो तर पाणी कुठे दिसेना. पातळी इतकी खाली गेलेली की बोटींचा तरंगता धक्का पार खाली सरकवलेला आणि तिथपर्यंत जायला लोखंडी पूल, तो उतारावर, आणि आमच्या हिचे दोन्ही गुडघे तुम्हाला माहितीच आहेत. कूलबॉक्स, नात, सासूबाईंची खुर्ची असं सगळं घेऊन त्या उन्हात खाली उतरेपर्यंत निम्मा दम गेला. बोटीवर जावई चपला काढून चढले आणि उडालेच, फरशी तव्यासारखी. दुपारी दोनला वारा सुटला, ती चपटी बोट पुढे जाण्याऐवजी आडवीच सरकायला लागली, आणि जे अंतर जाताना वीस मिनिटांत कापलं होतं त्याला परत यायला सव्वा तास. श्रीखंडाचं काय झालं ते विचारू नका.

तलाव वाईट नव्हता. आम्हीच चुकीच्या महिन्यात, चुकीच्या वेळी, चुकीच्या बोटीतून गेलो. म्हणून आता मी फोटो सगळ्यात शेवटी बघतो.

पहिलं, महिना ठरवा. तलाव नंतर

आपली मंडळी तिकडे जातात कधी? मे ते जुलै, कारण इथे ऊन असतं आणि तिकडे नातवंडांना सुट्ट्या असतात. पण वाळवंटातल्या तलावासाठी हाच सगळ्यात वाईट काळ आहे. फिनिक्सला २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, आणि लेक हवासू सिटी नावाचं जे गाव खास तलावासाठीच प्रसिद्ध आहे तिथे २९ जून १९९४ ला ५३ अंश झाले होते, तो अख्ख्या ॲरिझोनाचा विक्रम आहे. आपल्या मालेगावचं ऊन बघितलेल्या माणसालाही हे झेपत नाही, कारण पाण्यावर सावली नसते आणि खालून पाणी तेच ऊन परत तोंडावर मारतं.

चांगला काळ म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. उन्हाचा कहर संपलेला असतो पण पाणी अजून कोमट असतं, पोहता येतं, गर्दीही शाळा सुरू झाल्यामुळे ओसरलेली. एप्रिलमधे हवा छान असते पण दोन भानगडी, एक म्हणजे वसंतात वारा फार आणि दुसरं पाणी थंडगार. वर मस्त २८ अंश आहेत म्हणून उडी मारली आणि पाणी १४ अंश निघालं तर श्वासच अडकतो, चांगले पोहणारेही त्या पहिल्या मिनिटात पाणी गिळून बसतात. हा थंड पाण्याचा झटका आपल्याला ऐकूनही माहीत नसतो कारण आपल्या विहिरी-नद्या कधी तेवढ्या गार होतच नाहीत.

जून-जुलै-ऑगस्टलाच जावं लागणार असेल तर जा, पण मग पहाटे पाचला घर सोडायचं, सातला पाण्यात आणि अकरा-साडेअकराला काठावर. दिवसभराची बोट घ्यायचीच नाही. शिवाय तिकडेही पावसाळा असतो बरं का, १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्यांचा मॉन्सून धरतात, पाऊस आपल्यासारखा संततधार नाही पण दुपारी अचानक वीज, वादळ आणि धुळीची भिंत.

दुसरं, पातळी. यात नाशिककराला कुणी शिकवायची गरज नाही

जुलै लागला की आपण काय करतो? पेपर उघडला की आधी गंगापूर किती टक्के, दारणा किती, विसर्ग किती क्युसेक. तेच डोकं तिकडे वापरायचं. फरक एवढाच की आपल्याकडे टक्के सांगतात आणि तिकडे समुद्रसपाटीपासून किती फूट ते सांगतात, म्हणून एक आकडा बघून काही कळत नाही, पूर्ण भरल्यावर किती आणि आज किती असे दोन आकडे शेजारी ठेवायचे.

लास वेगासजवळचा लेक मीड पूर्ण भरला की १२२९ फूट. जुलै २०२२ मधे तो १०४० फुटांच्या आसपास आला होता. ॲरिझोना-युटाच्या सीमेवरचा लेक पॉवेल भरला की ३७०० फूट, २०२३ च्या सुरुवातीला ३५२० च्या जवळ. म्हणजे दोन्हीकडे पाण्याची उंची सोळा-सतरा मजली बिल्डिंगएवढी घसरलेली! काठावरच्या खडकांवर पांढरा पट्टा दिसतो ना फोटोत, तो पूर्वीच्या पाण्याचा डाग. मीडमधे तर धरणात गेलेलं सेंट थॉमस नावाचं गाव परत उघडं पडलं, जसं उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ दिसायला लागतं तसं.

हे तलाव खरं तर धरणांचे फुगवटे आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. पॉवेल म्हणजे ग्लेन कॅनियन धरणाचा फुगवटा, तिथून सोडलेलं पाणी ग्रँड कॅनियनमधून वाहत मीडला म्हणजे हूवर धरणाला येतं, तिथून पुढे मोहावी, मग हवासू. एकाच कोलोरॅडो नदीवरची माळ. वरच्याने किती सोडायचं यावरून सात राज्यांची भांडणं, १९२२ चा करार, आणि आजही मिटलेलं नाही. आपलं गंगापूर-दारणा आणि खाली जायकवाडी, ते समन्यायी पाणीवाटप, ते मोर्चे, अगदी तेच चित्र, फक्त आकार वेगळा. मीड भरला तर त्यात ११०० टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) पुढे पाणी मावतं, आपलं गंगापूर साडेपाच-पावणेसहा टीएमसीचं, आणि जायकवाडी शंभरीच्या घरातलं, तेव्हा बघा.

आता यातून कामाचं काय निघतं तर प्रत्येक तलावाचं वर्षाचं गणित वेगळं असतं:

पॉवेल बर्फाच्या पाण्यावर भरतो. रॉकी पर्वतातलं बर्फ मे-जूनमधे वितळतं, त्यामुळे एप्रिलच्या आसपास तो सगळ्यात खाली असतो आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात वर. आपल्या बरोबर उलटं, आपली धरणं जूनमधे तळाला.

मीड उन्हाळाभर उतरत जातो, कारण खालच्या शेतीला आणि शहरांना पाणी सुटत असतं. मार्चमधे बघितलेला धक्का ऑगस्टमधे त्याच जागी असेल असं धरू नका.

फिनिक्सजवळचा लेक प्लेझंट तर अजून मजेशीर, त्यात हिवाळ्यात कालव्याने पाणी चढवून साठवतात आणि उन्हाळ्यात परत काढून घेतात. म्हणजे वसंतात भरलेला, शरदात रिकामा.

हवासू आणि मोहावी हे दोघं माळेतले खालचे, त्यांची पातळी जवळजवळ वर्षभर सारखी ठेवतात, काही फुटांचा फरक. म्हणून ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत त्यांना मी डोळे झाकून हे दोन सांगतो, कारण धक्का जिथे आहे तिथेच असतो आणि उतार मोजका असतो.

पातळीचे रोजचे आकडे तिकडचं धरण खातं, ब्युरो ऑफ रिक्लमेशन, नेटवर टाकतं. पण नुसता आकडा बघून थांबू नका, ज्यांच्याकडून बोट घेणार त्यांना दोन दिवस आधी फोन लावा (पोरांना लावायला सांगा, ते मेसेजवर भागवायला बघतात, फोनच करायला लावा) आणि तीन गोष्टी विचारा. रॅम्प (बोट पाण्यात सोडायचा उतार) चालू आहे का, पार्किंगपासून बोटीपर्यंत किती चालायचंय आणि ने-आण करायला छोटी गाडी आहे का, आणि सध्या कुठल्या भागात खडक वर आलेत. तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण पाणी उतरलं की जे खडक पूर्वी वीस फूट खाली होते ते आता दोन फुटांवर असतात, दिसत नाहीत, आणि बोटीच्या पंख्याला लागले की पंख्याचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून जातात. मागच्या वर्षीचा नकाशा त्यामुळे काही उपयोगाचा नाही.

तिसरं, वारा आणि तलावाचा आकार

आपल्या डोक्यात तलाव म्हणजे शांत पाणी. मीडसारख्या मोकळ्या पसाऱ्यावर वारा सुटला की तीन-चार फुटांच्या लाटा येतात, आणि त्या समुद्रासारख्या लांब नसतात, जवळ जवळ एकामागून एक आपटतात, छोट्या बोटीला तेच जास्त घातक. तिकडचं हवामान खातं वाऱ्याचा खास तलावांसाठी वेगळा इशारा देतं, तो निघाला असेल तर प्लॅन रद्द, वाद घालायचा नाही, पैसे बुडाले तर बुडाले.

इशारा नसेल तरी अंदाज बघायचाच. ताशी १५ किलोमीटरपर्यंत मजा, २५ च्या वर गेला की भाड्याची पाँटून (सपाट फरशीची) बोट घेऊन मोकळ्या पाण्यात जायचं नाही, आणि ३० च्या वर असेल तर काठावर बसून भेळ खायची. पाण्यावर पांढरे फेसाळ तुरे दिसायला लागले म्हणजे तुम्हाला उशीर झालाय, आधीच वळायला हवं होतं. सकाळी पाणी आरशासारखं आणि दुपारी वारा, हा जवळपास रोजचा क्रम आहे म्हणून जातानाचं अर्धं अंतर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला कापायचं, म्हणजे दमल्यावर येताना वारा पाठीशी असतो. आम्ही बरोबर उलटं केलं होतं.

आकाराचं काय, तर नकाशावर तलाव बघा. रुंद पसरट असेल तर वारा मोकाट. लांब, अरुंद, डोंगरांच्या कपारीतला असेल, जसे फिनिक्सजवळचे कॅनियन लेक आणि सग्वारो लेक, तर वारा कमी लागतो, भिंतींची सावलीही मिळते. पण अरुंद पाण्याची वेगळी कटकट, दुसऱ्यांच्या स्पीडबोटींच्या लाटा भिंतीवर आपटून परत येतात आणि शनिवार-रविवारी पाणी कायम ढवळलेलं.

मला सगळ्यात आवडतो तो मधला प्रकार, मोठा तलाव पण काठाला भरपूर छोट्या खाड्या. वारा आला की एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकायचा, डबा उघडायचा. मोहावी तसा आहे.

खाडी आणि घळ यात फरक करा मात्र. पॉवेलला त्या उभ्या भिंतींच्या अरुंद घळी आहेत, दिसायला अप्रतिम, आणि त्यातच पावसाळ्यात धोका. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पन्नास किलोमीटर वर कुठेतरी ढग फुटतो आणि पाण्याचा लोंढा गाळ-ओंडके घेऊन त्या घळीतून येतो. आपल्याला हे वेगळं सांगायला नको, त्र्यंबकला पाऊस होतो आणि इकडे ऊन असताना गोदावरी चढून रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागतं. जुलै-ऑगस्टमधे अशा घळीत बोट लावून झोपायचं नाही, एवढंच.

चौथं, बरोबर कोण आहे ते मोजा, मग बोट

इथे लोक तलाव ठरवतात, मग बोट, मग शेवटी आईला विचारतात येतेस का. उलट करा.

घरात सत्तरीच्या पुढची माणसं आणि चार वर्षांचं नातवंड असेल तर सरळ फेरीची बोट घ्या. कॅनियन लेकवर डॉली नावाची जुन्या धाटणीची बोट फेरी मारते, सग्वारोवर डेझर्ट बेल. छप्पर, खुर्च्या, चालवायची कटकट नाही, कठड्याला टेकून काठावरचे उभे निवडुंग बघायचे. मला आधी हे म्हाताऱ्यांचं वाटायचं, दुसऱ्या खेपेला गेलो आणि कबूल केलं की मीही म्हाताराच आहे.

आठ-दहा जणांचा परिवार असेल आणि एक तरी बोट चालवलेला माणूस असेल तर पाँटून. दोन लांब नळ्यांवर सपाट फरशी, बाजूने सोफे, सहज उलटत नाही, पोरं हिंडू शकतात. पण हळू चालते आणि वारा खाते. छप्पर किती भागावर आहे ते फोटोत नाही, फोनवर विचारा, बऱ्याच बोटींना फक्त निम्म्याला असतं आणि मग दहा माणसं पाच जणांच्या सावलीत बसतात.

कयाक, म्हणजे एकट्या-दुकट्याची वल्ह्याची होडी, तरुणांना. विलो बीचहून वर हूवर धरणाच्या दिशेने वल्हवत जायला तीनेक किलोमीटरवर एमराल्ड केव्ह आहे, पाणी पाचूसारखं हिरवं. त्या वरच्या पट्ट्यात रविवार-सोमवार इंजिनच्या बोटींना बंदी असते, म्हणून जायचं तर त्याच दिवशी. पण लक्षात ठेवा, ते पाणी धरणाच्या खोलातून येतं, भर जुलैतही १२-१३ अंश. वर ४५ आणि खाली १३. जॅकेट अंगावर पाहिजे, बोटीत ठेवलेलं नाही. (वल्हवण्याचा विषय निघालाच म्हणून, आपल्या चांदवडच्या दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ पाण्याला घाबरायचा, तो २०१६ ला रिओ ऑलिंपिकमधे रोइंगला तेरावा आला. तेव्हा आमच्याकडे कुठे पाणी होतं हे कारण सांगू नका.)

हाऊसबोट म्हणजे पॉवेल. तीन दिवसांपेक्षा कमीसाठी घेऊच नका, निम्मा वेळ शिकण्यात आणि लावण्यात जातो. आणि एक गोष्ट जावयाला नीट बसवून सांगा, इंजिन किंवा जनरेटर चालू असताना बोटीच्या मागच्या फळीवर बसायचं नाही, तिथे पोहायचं नाही. कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास नाही रंग नाही, माणूस गुंगी येऊन पाण्यात घसरतो. पॉवेलवर असे मृत्यू झालेत. हवासूला गावातल्या कालव्यात गर्दीत शंभर बोटी इंजिन चालू ठेवून उभ्या असतात तिथेही हेच.

नियम थोडक्यात: ॲरिझोनात १२ वर्षं आणि त्याखालच्या पोरांनी चालत्या बोटीत लाईफ जॅकेट घातलेलंच पाहिजे, बाकीच्यांसाठी बोटीत मोजून एकेक असलंच पाहिजे. पोराचं जॅकेट मापाचं पाहिजे, खांद्याला धरून वर उचलून बघा, हनुवटीवरून निघत असेल तर दुसरं मागा. चालवणाऱ्याने दारू घेतली तर गाडीसारखीच केस होते. नेवाडाच्या बाजूला १९८३ मधे किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोट चालवायचा छोटा कोर्स लागतो, तो ऑनलाईन होतो, घरूनच करून जा.

पाचवं, ज्या गोष्टी कुणी फोटोत दाखवत नाही

संडास. हसू नका. पाँटूनवर बहुतेक वेळा नसतो. पॉवेल, प्लेझंट अशा मोठ्या तलावांवर पाण्यात तरंगणारी स्वच्छतागृहं ठेवलेली असतात, बोट लावून वर चढायचं. ती नकाशावर कुठे आहेत ते आधी बघा आणि तुमचा दिवसाचा मार्ग त्यांच्या भोवती आखा. ज्यांच्या घरात डायबेटिसची माणसं आहेत त्यांना हे मी का लिहितोय ते कळेल.

पेट्रोल. एक भाग जायला, एक भाग यायला, एक भाग हाताशी. पॉवेलसारख्या भरल्यावर ३०० किलोमीटर लांब होणाऱ्या तलावावर पंप मोजकेच, आणि वाऱ्यात पेट्रोल दीडपट जळतं.

मोबाईल. घळींमधे रेंज नाही. कुठे जातोय, किती वाजता परत, हे घरी राहिलेल्या माणसाला लिहून द्या.

घड्याळ. हे फार कमी लोक सांगतात. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, आणि पॉवेल दोन्ही राज्यांत पसरलेला. पॉवेलकाठच्या पेज गावात मोबाईल कधी हे राज्य पकडतो कधी ते, आणि तुमची आठची बोट एक तास आधीच निघून जाते. बुकिंग कुठल्या वेळेने आहे ते विचारा आणि हातात साधं घड्याळ घाला.

पाणी माणशी चार लिटर, तेही प्यायचं, हातपाय धुवायचं वेगळं. बर्फात आदल्या रात्री गोठवलेल्या बाटल्या. खायला दही-दुधाचं काही नको, आम्ही दुसऱ्या खेपेला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि द्राक्षं नेली, द्राक्षं कूलबॉक्समधून काढून खाताना जे वाटतं ना. पायात पकड असलेल्या चपला, उघड्या पायांनी फरशीवर जायचं नाही.

धक्क्याजवळच्या पाण्यात पोहू नका, तिथे बोटींना विजेची जोडणी असते आणि गळती झाली तर पाण्यात शॉक लागतो. मीडच्या परिसरात गरम पाण्याचे झरे आहेत, पाय सोडून बसा पण डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही, त्यात मेंदूला बाधणारा अमिबा असू शकतो. आणि स्वतःची रबरी कयाक असेल तर निघताना पूर्ण कोरडी करून न्या, एका तलावातले शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून तिकडे फार कडक तपासणी असते.

आता तलाव, माझ्या मताने

फिनिक्सला मुलं असतील आणि हातात एकच दिवस असेल तर सग्वारो किंवा कॅनियन, मधल्या वारी. दोन्ही छोटे आहेत, सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत पार्किंग भरतं, आणि जंगल खात्याचा गाडीचा पास आधी घेऊन ठेवावा लागतो. प्लेझंट मोठा, सोयी भरपूर, शहरापासून तासाभरात, पण उघडा, सावली शून्य. ऑक्टोबरऐवजी मार्च-एप्रिलमधे तो जास्त शोभतो, पाणी असतं.

लास वेगासला मुलं असतील तर सगळे मीडला पळतात कारण तो पाऊण तासावर आहे. जा, हूवर धरण १९३५ चं, बघण्यासारखंच आहे. पण बोटिंगसाठी मी अजून थोडी गाडी चालवून मोहावीला, कॉटनवुड कोव्हला जाईन. वाळूचे छोटे काठ, खाड्या, स्थिर पातळी. वरचा भाग गार, खालचा कोमट, म्हणून पोरांसाठी खालचा.

हवासूला तो लंडन ब्रिज आहे, खराखुरा, लंडनमधून दगड दगड उचलून आणला आणि १९७१ ला वाळवंटात उभा केला. बघून घ्या. मार्चमधे कॉलेजची पोरं सुट्टीला येतात तेव्हा आणि उन्हाळ्यातल्या वीकेंडला मात्र लांब राहा, गणपती विसर्जनाच्या रात्रीची मेनरोड परवडली.

पॉवेल, काय सांगू. सौंदर्यात एक नंबर, सोयीत शेवटचा. फिनिक्सहून साडेचार तास गाडी, त्यामुळे दोन रात्री धरूनच चला. हाऊसबोट नको असेल तर पेजला राहून अँटिलोप कॅनियनच्या पाण्याच्या बाजूची दोन-तीन तासांची फेरी करा. आयुष्यात एकदाच जाणार असाल आणि गुडघे धड असतील तर हाच.

आणि अमेरिका नको असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, राजस्थान. पण अपेक्षा बदला, तिकडचे तलाव राजांनी पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले, स्पीडबोटींसाठी नाही. जैसलमेरचा गडीसर चौदाव्या शतकातला, एके काळी गावाचं सगळं पाणी त्यातलं, आता इंदिरा गांधी कालव्यामुळे भरलेला राहतो. पायडल बोट नाहीतर वल्ह्याची होडी, अर्धा तास, पाण्यातल्या दगडी घुमटांच्या छत्र्यांमधून. सूर्योदयाला जा, दहानंतर सहलींच्या बस येतात. जोधपूरचा कायलाना १८७२ चा, मोठा आणि खोल, लाल खडकांच्या मधे, शहरापासून आठेक किलोमीटर. संध्याकाळी तिथून सूर्यास्त छान दिसतो. शहराचं पिण्याचं पाणी आहे तेव्हा पोहायचं नाही. दोन्हीकडे जॅकेट मागून घ्या, तुम्ही मागितलं नाही तर कुणी देत नाही, आणि होडीत माणसं जास्त भरत असतील तर सरळ उतरा.

सांभरला बोटिंगच्या आशेने जाऊ नका. देशातला समुद्रापासून दूरचा सगळ्यात मोठा खारा तलाव, पण गुडघाभर पाणी, तिथे जायचं ते फ्लेमिंगो बघायला. पुष्करला पाण्यात होडी घालायची नसते, आपल्या रामकुंडासारखंच ते. आणि उदयपूर सुंदर आहे, पण ते अरवलीतलं, वाळवंट दाखवतो सांगून घरच्यांना तिकडे नेऊ नका.

सराव करायचा असेल तर निघण्याआधी एक सकाळ आपल्या गंगापूर धरणावर बोट क्लबला काढा. आईला बोटीत चढता-उतरता येतं का, नात जॅकेट घालून तासभर बसते का, ऊन डोक्यावर आल्यावर कोण पहिलं कुरकुरतं, हे फिनिक्सला कळण्यापेक्षा इथे कळलेलं स्वस्त पडतं. आमच्याकडे तेव्हा कळलं की सासूबाईंना बोट लागत नाही, जावयांना लागते.

यंदा ऑक्टोबरचं तिकीट काढलंय. मोहावी, कॉटनवुड कोव्ह, मंगळवार, सकाळची पाँटून, पूर्ण छपराची. हिने एकच अट घातलीय, तरंगता संडास नकाशावर दाखव, मगच बॅग भरते. अजून शोधतोय.